ही बाटली कुणाची आहे?

कुणी बसमध्ये असाल, कुणी मेसच्या रांगेत, कुणी लॅबमध्ये रिफ्लक्स लावून घड्याळाकडे बघत बसला असाल. यातल्या तिसऱ्या लोकांनी एका कानातला इअरफोन आत्ताच्या आत्ता काढा. गंमत नाही करत. चालू प्रयोगाजवळ दोन्ही कान बंद करून बसायचं नाही, हा आमच्या विभागात नियमच आहे. पंप बिघडला की आधी त्याचा आवाज बदलतो, आणि ते डोळ्यांच्या आधी कानाला कळतं.

मी एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते. गेली आठ वर्षं विभागाच्या सुरक्षा समितीचं कामही माझ्याकडे आहे. समिती म्हणजे काय, तर मी, एक लॅब असिस्टंट, स्टोअरचे भाऊसाहेब आणि दोन रिसर्च स्कॉलर. या कामाला वेगळा पगार नाही, वेगळी खोली नाही. एक कपाट आहे आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ज्यावर सणासुदीच्या शुभेच्छा टाकायला मी बंदी घातली आहे.

लॅब सेफ्टी म्हटलं की लोकांना आठवतो गॉगल, आठवतो एप्रन आणि भिंतीवरचा तो पिवळा पडलेला तक्ता. एप्रनबद्दल आज बोलणारच आहे. पण सुरुवात मी एका भंगाराच्या दुकानातून करणार आहे. दुकान दिल्लीतलं आहे, मायापुरीतलं.

मायापुरी म्हणजे दिल्लीचा भंगार बाजार. जुन्या गाड्या, जुनी यंत्रं, लोखंड, तांबं, शिसं, सगळं तिथे येतं आणि कापलं जातं. एप्रिल २०१० मध्ये तिथला एक दुकानदार दवाखान्यात गेला. कातडी काळी पडलेली, केस गळायला लागलेले. डॉक्टरांना रेडिएशनचा संशय आला. मग यंत्रणा हलली. अणुऊर्जा नियामक मंडळ, ज्याचं मुख्यालय आपल्या मुंबईत अणुशक्तीनगरला आहे, त्यांची माणसं उपकरणं घेऊन मायापुरीत उतरली. त्यांना तिथे कोबाल्ट-६० सापडलं.

आता सांगा, भंगाराच्या दुकानात कोबाल्ट-६० येतं कुठून? ते आलं होतं दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून. तिथे १९७० च्या सुमारास एक गॅमा सेल घेतलेला होता. गॅमा सेल म्हणजे शिशाच्या जाड कवचात ठेवलेला किरणोत्सारी स्रोत, नमुन्यांवर गॅमा किरणांचा मारा करण्यासाठी. चांगलं उपकरण. त्यावर संशोधन झालं. १९८५ च्या आसपास वापर थांबला. वापरणारे प्राध्यापक निवृत्त झाले. यंत्र खोलीतच राहिलं, वर्षामागून वर्षं. फेब्रुवारी २०१० मध्ये जुन्या सामानाचा लिलाव झाला आणि त्यात हेही गेलं. शिसं भंगारात चांगल्या भावाने जातं, म्हणून दुकानात ते कवच कापलं गेलं. आतले धातूचे चकचकीत तुकडे लोकांनी हातात घेतले. एकाने तर त्यातला एक तुकडा खिशातल्या पाकिटात ठेवला होता. आठ जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. त्यातला एक कामगार दगावला.

जरा हिशोब करा, बीएस्सीचाच आहे. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. १९७० ते २०१० म्हणजे ४० वर्षं, साधारण साडेसात अर्धायुष्यं. म्हणजे मूळ किरणोत्साराच्या जेमतेम अर्धा टक्का उरलेला होता. त्या अर्ध्या टक्क्याने एका माणसाचा जीव घेतला. आणि ज्याचा घेतला त्याचा केमिस्ट्रीशी काही संबंध नव्हता. त्याने कुठला फॉर्म भरला नव्हता, कुठल्या सेफ्टी ट्रेनिंगला दांडी मारली नव्हती. तो त्याचं रोजचं काम करत होता.

मला या घटनेत सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की त्या विभागात अडाणी कुणी नव्हतं. एका खोलीत देशातले उत्तम केमिस्ट बसवा, कोबाल्ट-६० काय करतं ते सगळ्यांना पाठ असेल. प्रश्न ज्ञानाचा नव्हताच. त्या पेटाऱ्यात कोबाल्ट आहे हे लिलावाच्या दिवशी ज्याला माहीत असायला हवं होतं, तो माणूसच शिल्लक नव्हता. वस्तू होती, मालक गेला होता.

मग मी माझ्या विभागाकडे बघायला लागले.

तुमच्यापैकी ज्यांनी महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात प्रॅक्टिकल केलंय, त्यांना डेडस्टॉक रजिस्टर माहीत असेल. लाल कापडी बांधणीचं, लांबलचक. टेबल, खुर्ची, वजनकाटा, ओव्हन, प्रत्येकाला नंबर असतो आणि वर्षातून एकदा पडताळणी होते. एक स्टूल हरवलं तर तीन पत्रं येतात. पण केमिकल त्या रजिस्टरमध्ये नसतं. ते 'कन्झ्युमेबल', म्हणजे वापरून संपणारं. कागदावर बाटली ज्या दिवशी स्टोअरमधून बाहेर पडली, त्या दिवशी ती संपली. खरं तर तेव्हा तिचं आयुष्य सुरू होतं. पाचशे मिलीमधले पन्नास वापरले जातात आणि उरलेले साडेचारशे रॅकवर वीस वर्षं बसतात. आपल्याकडे स्टुलाचा मालक ठरलेला असतो आणि ईथरच्या बाटलीला कुणी वालीच नसतो.

ईथर मुद्दाम म्हणाले. डायएथिल ईथर किंवा टीएचएफची बाटली उघडली, हवा लागली, की त्यात हळूहळू पेरॉक्साइड तयार होतात. आणि पेरॉक्साइडवाला सॉल्व्हंट डिस्टिल करत कोरडा होऊ दिलात तर फ्लास्क फुटू शकतो. म्हणून बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहायची आणि सहा महिन्यांच्या वर ती ठेवायची नाही, इतका सोपा उपाय आहे. मार्कर पेन दहा-वीस रुपयांना मिळतो. आम्ही पहिल्यांदा सगळ्या रॅक तपासल्या तेव्हा उघडलेल्या ईथरच्या एकाही बाटलीवर तारीख नव्हती. एकीवर मात्र छान अक्षरात लिहिलं होतं, 'हात लावू नये'. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, का लिहिलं, काही पत्ता नाही.

इथे आमच्या मामांबद्दल सांगायला पाहिजे. लॅब अटेंडंटला आपण मामा म्हणतो, बरोबर? आमचे मामा तीस-बत्तीस वर्षं त्याच मजल्यावर होते. ते निवृत्त व्हायच्या दोन महिने आधी एका रिसर्च स्कॉलरला कल्पना सुचली. त्याचं श्रेय त्याचंच, माझं नाही. तो म्हणाला, "मॅडम, मामांना घेऊन प्रत्येक कपाटासमोर उभं राहू आणि मोबाइलवर रेकॉर्ड करू. ते बोलतील, आपण नुसतं ऐकायचं." तीन दुपारी हा कार्यक्रम चालला. कुठला नळ कधीपासून उलटा फिरतो, कुठल्या हूडचा पंखा फक्त आवाज करतो पण हवा ओढत नाही, सगळं त्यांनी सांगितलं. आणि एका कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटापाशी आल्यावर ते थांबले. म्हणाले, "हे मी उघडत नाही. मोठे सर सांगून गेलेत."

का उघडत नाही?

"आत एक पिवळी बाटली आहे. सर म्हणायचे, दर दिवाळीला तीत पाणी बघत जा, कमी असलं तर मला सांग. सर होते तोवर ते बघायचे. नंतर कुणी विचारलं नाही. मग मी कपाटच बंद ठेवलं."

ज्यांना कळलं त्यांच्या अंगावर काटा आला असेल. ती पिक्रिक ॲसिडची बाटली होती. पिक्रिक ॲसिड पाण्याने ओलं असेपर्यंत ठीक, सुकलं की ते स्फोटक. झाकणाच्या आट्यांमध्ये सुके स्फटिक साठले असतील तर नुसतं झाकण फिरवणंसुद्धा जीवावर बेतू शकतं. काचेतून बघितलं तर झाकणाभोवती पिवळी कड दिसत होती. आम्ही कपाटाला हात लावला नाही. खोलीला कुलूप लावलं, मजला रिकामा केला, वर कळवलं. पोलिसांचं बॉम्बशोधक पथक आलं आणि बाटली घेऊन गेलं. बाकीचं त्यांचं काम.

आता गंमत बघा. मामांचं शिक्षण आठवीपर्यंत. त्यांनी जे केलं ते अगदी बरोबर केलं, इतकी वर्षं केलं, आणि एकदाही त्यांना कुणी त्याचं कारण सांगितलं नाही. आमच्या विभागाची सगळ्यात महत्त्वाची सुरक्षा नोंद एका माणसाच्या डोक्यात होती, आणि तो माणूस ३१ मेला घरी जाणार होता.

तोंडी सांगितलेल्या नियमाचं काय होतं याचं आणखी एक उदाहरण आहे. त्यासाठी थोडं लांब, अमेरिकेत जावं लागेल. टेक्सास टेक युनिव्हर्सिटी, लबक नावाचं शहर, जानेवारी २०१०. म्हणजे मायापुरीच्या तीनच महिने आधी. तिथल्या केमिस्ट्री विभागात एक गट स्फोटक संयुगांवर काम करत होता. त्या गटात एक मर्यादा होती, एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त बनवायचं नाही. पण ही मर्यादा तोंडी होती. आधीच्या काही विद्यार्थ्यांना सांगितलेली, नव्यांपर्यंत नीट न पोचलेली. पीएचडीच्या पाचव्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने निकेल हायड्राझिन परक्लोरेट बनवलं, साधारण १० ग्रॅम. मर्यादेच्या शंभर पट. सगळ्या चाचण्यांना पुरेल असा एकच साठा हवा, प्रत्येक वेळी वेगळा नमुना नको, हा त्यामागचा विचार. तुम्ही-आम्हीही असाच विचार करतो की! ढेकळं फोडायला तो खलबत्त्यात हेक्झेन घालून ते कुटत होता. काम झालं, बाजूला गेला, गॉगल काढला. मग वाटलं, एकदा शेवटचं ढवळून घेऊ. स्फोट झाला. डाव्या हाताची तीन बोटं गेली, डोळ्याला इजा झाली, भाजलं. वाचला, हे नशीब.

नंतर अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी केली. त्यांच्या अहवालात त्या मुलाच्या चुकीवर बोट ठेवून विषय संपवलेला नाही, म्हणून मी तो माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला लावते. त्यांनी शोधलं की याच गटात आधीही दोन प्रसंग घडले होते. कुणाला काही झालं नाही, म्हणून त्यांतून कुणी काही शिकलं नाही. मर्यादा कागदावर नव्हती. ती पाळली जाते का, हे बघणारं कुणी नव्हतं.

तर आम्ही काय केलं? फार हुशारीचं काही नाही.

तुमच्या कॉलेजातून बाहेर पडताना 'नो ड्यूज' लागतं ना? लायब्ररीचं पुस्तक राहिलं तर तुमची मार्कशीट अडते. चाळीस रुपयांचं बीकर फुटलं तर ब्रेकेज कापतात. पण पीएचडी संपवून जाणारा माणूस मागे साठ बाटल्या, चार अर्धवट प्रयोग आणि फ्रीजमध्ये वीस व्हायल ठेवून जातो, आणि त्याला कुणी एक प्रश्न विचारत नाही. व्हायलवर काय लिहिलेलं असतं? 'आर-३, फायनल'. आर म्हणजे काय? फायनल म्हणजे कशाचं फायनल? तर आम्ही नो ड्यूजमध्ये एक ओळ घातली. तुमची प्रत्येक बाटली आणि प्रत्येक व्हायल एकतर कुणाच्या तरी नावावर, त्याच्या सहीने द्यायची, नाहीतर कचऱ्यात नोंदवून द्यायची. तिसरा पर्याय नाही. सही झाल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. हेच निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांनाही लागू. ते मंजूर करून घ्यायला मला दीड वर्ष लागलं. बैठकीत एक ज्येष्ठ सर म्हणाले, "म्हणजे आता आम्ही स्टुडंटसारखी बाटल्यांची यादी द्यायची का?" मी म्हटलं, "हो सर." दुसरं काय बोलणार?

यादी ठेवायला आम्ही कुठलं महागडं सॉफ्टवेअर घेतलं नाही. एक शेअर केलेली शीट आहे. बाटलीचं नाव, कोणत्या कपाटात, कधी आली, कधी उघडली, आणि कुणाची. शेवटचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. दर तीन महिन्यांनी दोन जण मोबाइल घेऊन रॅकचे फोटो काढतात आणि शीटशी ताडून बघतात. एक दुपार जाते.

यादी करताना अजून एक भानगड कळली. आमच्या रॅकवर बाटल्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने होत्या. नीटनेटकं दिसायचं, बाहेरून आलेली माणसं कौतुक करायची. पण त्या क्रमाने लावलं की काय होतं? ॲसिटिक ॲसिड, ॲसिटोन, अमोनियम नायट्रेट, सगळे एका फळीवर शेजारी! पेटणारं आणि पेटवायला मदत करणारं मांडीला मांडी लावून. क्रम रसायनाच्या स्वभावाने लावायचा असतो. ऑक्सिडायझर वेगळे, ज्वालाग्राही वेगळे, आम्लं खालच्या फळीवर ट्रेमध्ये. आणि नायट्रिक ॲसिडला त्याचं स्वतंत्र घर, कारण त्याचं कुणाशीच पटत नाही.

नायट्रिकचा विषय निघालाच आहे, तर आमच्याकडे घडलेला एक प्रसंग. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलनंतर कुणीतरी नायट्रिक ॲसिडचं धुणं वेस्टच्या बाटलीत ओतलं. त्या बाटलीत आधीच ॲसिटोन आणि अल्कोहोल होतं. झाकण घट्ट लावलं गेलं. थोड्या वेळाने एका मुलीला बाटलीतून तपकिरी धूर दिसला आणि सूं सूं आवाज आला. तिने बाटली उचलून बाहेर न्यायचा शहाणपणा केला नाही, त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे. तिने हूडची काच खाली ओढली आणि ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं. दोन-तीन मिनिटांत बाटली फुटली. हूडची काच तडकली. माणसांना काही नाही.

खरं नाटक त्यानंतर झालं. पुढच्या महिन्यात मूल्यांकनाची टीम येणार होती. तेव्हाच्या विभागप्रमुखांचं म्हणणं पडलं की काच बदलून टाकू, लिहायचं कशाला? वर्गातही सगळे गप्प. कुणी ओतलं म्हणून विचारलं तर चाळीस जण जमिनीकडे बघत होते. साहजिक आहे. नाव सांगितलं की इंटर्नल मार्क जाणार, असं त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटायला आपल्याकडे भरपूर कारणं आहेत.

मी प्रश्न बदलला. म्हटलं, कुणी ओतलं ते मला नको. ओतणाऱ्याला बाटलीवर काय लिहिलेलं दिसलं, तेवढं सांगा. दुसऱ्या दिवशी दाराखालून एक चिठ्ठी आली. 'मॅडम, बाटलीवर फक्त वेस्ट लिहिलं होतं.' संपलं. फक्त 'वेस्ट'. मग ज्याने ओतलं त्याचं काय चुकलं? वेस्ट होतं, वेस्टमध्ये ओतलं. त्या चिठ्ठीमुळे आता आमच्याकडे वेस्टच्या बाटल्या तीन रंगांच्या लेबलांच्या आहेत, प्रत्येकीवर काय ओतायचं आणि काय नाही ते मराठीत लिहिलेलं आहे, नायट्रिक वेगळं गोळा होतं, आणि झाकणं वायू बाहेर सोडणारी आहेत. भरलेल्या बाटल्या नोंद करून तळोजा किंवा रांजणगावला घातक कचऱ्याची जी केंद्रं आहेत तशा ठिकाणी जातात, बेसिनमध्ये नाही. हे पैसे खातं, हे खरं. पण फुटलेल्या डोळ्याचं बिल कुणाच्या बजेटमध्ये बसतं ते मला दाखवा.

आणि हो, ते लिहिलं गेलं. आमच्याकडे एक वही आहे, 'थोडक्यात वाचलो' नावाची. मुलांनीच नाव ठेवलंय. नाव न घालता त्यात लिहायचं. पहिल्या वर्षी सात नोंदी झाल्या, दुसऱ्या वर्षी तीसच्या वर. एका अधिकाऱ्यांनी मला विचारलं, अपघात वाढले का हो तुमच्याकडे? त्यांना समजावताना माझा चहा गार झाला.

आता एप्रन. इथे मला एका मुलीचं नाव घ्यायचंय, शेरी सांगजी. वय २३. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, यूसीएलएत, रिसर्च असिस्टंट होती. २९ डिसेंबर २००८ ला, नाताळच्या सुट्टीच्या दिवसांत, ती टर्शरी ब्यूटिल लिथियम सिरिंजने काढत होती. हे द्रव्य हवा लागताच पेटतं. सिरिंजचा दट्ट्या बाहेर आला, द्रव सांडला, पेटला. अंगावर एप्रन नव्हता. स्वेटर सिंथेटिक होता, त्याने पेट घेतला. १८ दिवसांनी, १६ जानेवारी २००९ ला ती गेली.

आता हे ऐका. काही आठवड्यांपूर्वीच त्या लॅबची तपासणी झाली होती आणि माणसं एप्रन घालत नाहीत हे त्यात नोंदवलेलं होतं. म्हणजे तपासणी झाली, दोष सापडला, कागदावर आला, आणि कागद कागदाच्या जागी राहिला. म्हणून आमच्या तपासणीच्या फॉर्मवर 'दोष' या रकान्याशेजारी दोन रकाने आहेत, कोण दुरुस्त करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. तारीख उलटली की ते काम होईपर्यंत ती लॅब बंद. आतापर्यंत दोनदा बंद केली. एकदा ती माझीच लॅब होती.

आणि एप्रन घेताना कापड बघा. कॉलेजच्या बाहेर दुकानात जे पांढरे एप्रन टांगलेले असतात त्यातले पुष्कळसे टेरीकॉट असतात. इस्त्री लागत नाही, चकचकीत दिसतात, आणि पेटले तर वितळून कातडीला चिकटतात. शंभर टक्के सुती घ्या. मे महिन्यात उकडतं, मान्य. उकडतं म्हणून बाही कापू नका.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. गॅस सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेला हवा, भरलेला असो की रिकामा. लिक्विड नायट्रोजनची टाकी लिफ्टने न्यायची तर टाकी एकटी जाऊ दे, तुम्ही जिन्याने जा. द्रव नायट्रोजनचा वायू होताना तो जवळजवळ सातशे पट पसरतो. लिफ्ट अडकली तर आतला ऑक्सिजन कमी होतो आणि तुम्हाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, सरळ शुद्ध जाते. डोळे धुवायचा नळ दर आठवड्याला सोडून बघा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात किती तापतं ते आपल्याला माहीत आहे, तेव्हा दुपारी एकला बघा. ॲसिड डोळ्यात गेलं तर निदान १५ मिनिटं धुवायचं असतं. चटका देणाऱ्या पाण्याखाली १५ मिनिटं कुणी डोळा उघडा ठेवेल का? आम्ही त्या नळासाठी सावलीत वेगळी छोटी टाकी बसवून घेतली. हातमोजे घालून मोबाइल धरू नका, दाराची कडी धरू नका. तुमचा हात सुरक्षित राहतो आणि पुढचा माणूस उघड्या हाताने तीच कडी धरतो. बहुतेक वेळा तो पुढचा माणूस मामा किंवा झाडणाऱ्या मावशी असतात.

आणि रात्री एकटं काम नाही. यावर मुलं सगळ्यात जास्त चिडतात, आणि त्यांचा राग मला कळतो. पेपर पाठवायचा असतो, फेलोशिपची मुदत संपत आलेली असते, एनएमआरचा स्लॉट रात्री दोनचाच मिळतो. तुम्ही हौस म्हणून थांबत नाही. म्हणून नुसती मनाई करून आम्ही थांबलो नाही. रात्री थांबणाऱ्यांची यादी संध्याकाळी सहाला ग्रुपवर पडते, हाकेच्या अंतरावर निदान दुसरा माणूस लागतो, आणि आग, दाब, विषारी वायू असलेली कामं रात्री बंद. रात्री बसून डेटा बघा, लिहा, एनएमआर लावा.

शेवटी एका श्रोत्याचा प्रश्न घेते. मागच्या आठवड्यात मेसेज आला होता, नाव सांगत नाही. तो लिहितो, "मॅडम, आमच्या हूडचा पंखा चार महिने बंद आहे. गाइडना सांगितलं तर म्हणतात, आमच्या वेळी हूडच नव्हते, आम्ही खिडकी उघडून करायचो. मी काय करू? त्यांच्याच सहीवर माझं सगळं अवलंबून आहे."

तुझी अडचण खरी आहे, आणि 'सरळ नकार दे' असं मी तुला इथे बसून सांगणार नाही. नकाराची किंमत मला द्यावी लागणार नाहीये, तुला द्यावी लागेल. एक कर. टिश्यू पेपरची पट्टी हूडच्या काचेखाली धर आणि ती आत ओढली जात नाही याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढ. मग गाइडना ईमेल कर, तक्रारीच्या सुरात नाही, विचारणा म्हणून. 'सर, हूड दुरुस्त होईपर्यंत ही रिॲक्शन शेजारच्या लॅबच्या हूडमध्ये केली तर चालेल का?' स्टोअरला आणि विभागप्रमुखांना प्रत ठेव. तोंडी बोललेलं विरून जातं, ईमेलला तारीख असते. शेजारच्या लॅबमधल्या सीनियरला आधीच विचारून ठेव, म्हणजे सरांना फक्त 'हो' म्हणायचं काम उरेल. आणि ज्या रिॲक्शनमधून क्लोरीन, ब्रोमीन, हायड्रोजन सल्फाइड असलं काही निघतं, ती तोवर थांबव. कारण विचारलं तर सांग, हूडच्या दुरुस्तीची वाट बघतोय, ईमेल केलाय. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर मला पुन्हा लिही, तुझ्या विद्यापीठात हे काम कुणाकडे आहे ते शोधून काढू.

ज्यांना आमची बाटल्यांची शीट आणि नो ड्यूजच्या त्या ओळीचा मसुदा हवा असेल त्यांनी मेसेज करा, पाठवून देते. तुमच्या लॅबप्रमाणे बदलून घ्या. पुढच्या भागात सिलिंडर आणि रेग्युलेटर, तेव्हा फिजिक्सवाल्यांनाही बोलवा. चला, भेटू.